काडी कुणाची? द्राक्षाचा करार, एचएमटी तांदूळ आणि वाणांचा कायदा

मांडवाखाली | १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

मंडळी, शेतीच्या धाग्यावर कायद्याचं विचारतोय, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावं.

माझे चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, निफाड तालुक्यात द्राक्षबागाईतदार आहेत. साडेचार एकर. त्यातल्या एका एकरात फेब्रुवारीत डॉगरिजचे खुंट (ज्यावर हव्या त्या वाणाची काडी बांधतात ती मुळाची झाडं) लावलेत, ते आता कलमाला आलेत. या पंधरवड्यात पाचर कलमं उरकली नाहीत तर वर्ष गेलं. नेमक्या या वेळी एका फळकंपनीचा माणूस करार घेऊन आला. परदेशी रंगीत वाण, बिनबियांचा. विरळणीला मजूर कमी लागतात आणि पावसात मणी तडकत नाहीत, असं तो म्हणतो.

करार तेवीस पानी, इंग्रजीत. मी नाशकात हिशोबनीस, म्हणून वाचायला माझ्याकडे आला. थोडक्यात असा:

प्रत्येक झाडाला क्रमांक. एकही काडी बागेबाहेर जाणार नाही, छाटणीनंतरच्या काड्या बागेतच कुट्टी करायच्या. माल फक्त कंपनीमार्फत. कंपनीचा माणूस पूर्वसूचनेशिवाय बागेत येऊ शकतो. करार संपला तर स्वखर्चानं बाग काढायची किंवा दुसऱ्या वाणाचं कलम करून घ्यायचं.

मी वाचून दाखवत होतो, आण्णा सुपारी कातरत होते. करारातल्या काडीच्या कलमापाशी अडकित्ता थांबला. म्हणाले, "चाळीस वर्षं मी काडी आणली, काडी दिली. पैसे कुणी मागितले नाहीत, मीही मागितले नाहीत. आता माझ्या रानातली काडी माझी नाही?"

खरं आहे त्यांचं. आपल्याकडची द्राक्षं वाढली ती अशीच. बागेत एखाद्या वेलीवर वेगळा घड दिसला, कुणीतरी ती काडी हेरली, राखली, वाढवली. बोरगावच्या आरव्यांची तास-ए-गणेश, नान्नजच्या काळ्यांची सोनाका, शरद सीडलेस. हे काही प्रयोगशाळेतलं काम नव्हतं, ज्यांनी केलं ते बागाईतदारच होते.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, आपल्या देशात शेतकऱ्याला बियाणं राखायचा हक्क कायद्यानं दिलाय असं ऐकून आहे. तो द्राक्षाच्या काडीला लागू आहे का? दोन, असला तर या करारापुढे तो टिकतो का?

---

शंकासुर | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

पहिली गोष्ट, तेवीस पानं इंग्रजी आणि सही मराठीत, हा करार नव्हे, हा गृहपाठ आहे.

दुसरी, वाण परदेशी असेल तर आपला हक्क कसला? ज्यानं बनवलं त्याचं ते. उद्या मी तुमच्या ट्रॅक्टरची नक्कल करून विकली तर चालेल का?

---

लाल_पेन | १४ सप्टेंबर, रात्री ११.३०

शंकासुर, ट्रॅक्टरला पिल्लं होत नाहीत. सगळी गंमत तिथेच आहे.

मांडवाखाली, वकिलीतला अनुभव जिल्हा न्यायालयाचा आहे, पण हा कायदा मी हौसेनं वाचलाय. नाव: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१. नावातच "शेतकरी हक्क" आहे. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर तिच्या बौद्धिक संपदेच्या ट्रिप्स करारातल्या २७(३)(ब) नुसार वनस्पतींच्या वाणांना काहीतरी संरक्षण देणं भाग होतं. पेटंट द्या, नाहीतर आपली वेगळी पद्धत काढा. आपण वेगळी पद्धत काढली. पेटंट कायद्यातलं कलम ३(जे) वनस्पती, बियाणं आणि वाण यांना पेटंट देतच नाही. त्यामुळे "पेटंटेड द्राक्ष" हा शब्द भारतात तरी कायदेशीर नाही, बाजारी आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. कलम ३९(१)(चार). शेतकऱ्याला संरक्षित वाणाच्या बियाण्यासह आपलं शेतउत्पादन राखून ठेवता येतं, वापरता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, अदलाबदल करता येते, वाटता येतं आणि विकताही येतं. हा कायदा येण्यापूर्वी जसं करत होता, तसंच. अट एकच: छापील नावानं विकायचं नाही. म्हणजे पिशवीत भरून, वर "हे अमुक संरक्षित वाण" असं लेबल लावून विकता येणार नाही. गोणीतून, शेजाऱ्याला, तोंडी नाव सांगून चालतं.

आणि "बियाणं" म्हणजे फक्त दाणा नव्हे. व्याख्येत पुन्हा उगवू शकणारा आणि त्याच जातीचं झाड देणारा कुठलाही भाग येतो. त्यामुळे बटाट्याचा कंद, उसाचं बेणं, डाळिंबाचं गुटी कलम आणि आण्णांची काडी, सगळं बियाणंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या देते. झोप आलीय, आणि ते गोड नाहीये.

---

झाडीबोली | १५ सप्टेंबर, सकाळी ६.५०

हा धागा वाचून राहावलं नाही.

आमचा जिल्हा चंद्रपूर, तालुका नागभीड. इथल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. (मराठवाड्यातलं नांदेड नाही भाऊ, दरवेळी सांगावं लागते.) शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या ओंब्या दिसल्या. दाणा बारीक, पिवळसर. त्यांनी त्या खुडल्या, घरी आणल्या, दुसऱ्या वर्षी वेगळ्या लावल्या. रानडुकराच्या भीतीनं कुंपण घालून. पाचसहा वर्षं हेच. मग तो धान तळोधीच्या बाजारात गेला, व्यापाऱ्याला नाव पाहिजे होतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाचा जमाना, त्यानं धानाला एचएमटी म्हटलं. आज पुण्यामुंबईत तुम्ही "एचएमटी कोलम" मागता ना, त्याचं मूळ ते.

नव्वदच्या दशकात कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' नावानं जात प्रसारित झाली. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही बी शुद्ध केलं. दादाजींचं म्हणणं, मूळ माझं, नाव तर घ्या. तेव्हा हा २००१ चा कायदा नव्हता. तक्रार करायला खिडकीच नव्हती.

२००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती कलामांच्या हातून मिळाला. फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. नंतरही वाण काढत राहिले: नांदेड ९२, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके. ३ जून २०१८ ला गेले, हातात पैसा नव्हता.

मी लहान असताना बाबांबरोबर एकदा त्यांच्याकडं गेलो होतो. परडीत ओंब्या ठेवलेल्या, प्रत्येक जुडीला सुतळी आणि सुतळीला कागदाची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर पेन्सिलनं फक्त "बुटका" लिहिलेलं. बाबांनी बी मागितलं, त्यांनी पायलीभर दिलं. पैसे घेतले नाहीत.

म्हणून आण्णांचं "काडी दिली, पैसे मागितले नाहीत" वाचलं आणि कसंतरी झालं. कारण न मागणाऱ्याचं काय होते तेही आमच्या जिल्ह्यानं पाहिलं.

---

एफवन | १५ सप्टेंबर, दुपारी १.१५

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत पैदासकार, म्हणजे नवी वाणं तयार करणारा आहे. शिव्या खायच्या तयारीनं लिहितो.

दादाजींच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण त्यातून "बी कुणाचंच नसतं" असा अर्थ काढू नका. तो अर्थ काढला तर दादाजींचंही ते नव्हतं!

आता कामाचं. कापूस, मका, बाजरी यांत तुम्ही संकरित बी घेता. संकरिताचं बी पुन्हा पेरलं तर दुसऱ्या पिढीत झाडं फुटतात: एक उंच, एक बुटकं, एकाचं बोंड मोठं, एकाचं पाखराएवढं. त्यामुळे शेतकरी दरवर्षी आपणहून दुकानात येतो. १९७० मध्ये सुरतेच्या केंद्रातून सी. टी. पटेलांचा एच-४ हा कापसाचा पहिला व्यापारी संकरित वाण आला, त्याला कुठल्याही कायद्याचं कुंपण लागलं नाही. निसर्गानंच कुलूप घातलेलं.

कायदा लागतो तो जिथं कुलूप नाही तिथं. भात, गहू, हरभरा, सोयाबीन: दाणा पेरला की तोच वाण. ऊस, बटाटा, द्राक्ष, डाळिंब: तुकडा लावला की तोच वाण. यात पहिली गोणी विकली की माझा धंदा संपला. आणि ती गोणी तयार करायला आठदहा वर्षं जातात. संकर केला, दुसरी पिढी, तिसरी, पाचवी, सातवी, दरवेळी हजारो झाडांतून डोळ्यांनी निवड. माझ्या सहकाऱ्यानं एका हरभऱ्यावर नऊ वर्षं घालवली. प्रसारित झाल्यावर दुसऱ्याच हंगामात तो आठवडी बाजारात दुसऱ्या नावानं साध्या पोत्यातून विकायला होता. विकणारा शेतकरी नव्हता, त्याच्याकडे तीन ट्रक होते.

म्हणून खासगी कंपन्या या पिकांत फारसा पैसा घालत नाहीत. मग उरतं सरकार. सोयाबीनचा जेएस ३३५ जबलपूरचा, उसाचा को ८६०३२ कोइमतूरचा, डाळिंबाचा भगवा राहुरीचा. लोकांनी फुकट वाटून घेतलं आणि महाराष्ट्राचं भलं झालं. पण त्या संस्थांना पैदाशीसाठी माणूस आणि पैसा द्यायला कुणी तयार आहे का, हेही विचारा. लोकहित म्हणजे शेतकऱ्याला आज फुकट बी, की वीस वर्षांनी नवं बी असणं? मला दोन्ही पाहिजे, म्हणून रात्री झोप लागत नाही.

---

शंकासुर | १५ सप्टेंबर, दुपारी १.४०

पाखराएवढं बोंड! शब्द चोरला.

ट्रॅक्टरचं उदाहरण मागे घेतो. पण तीन ट्रकवाला आणि आण्णा यांना कायदा वेगळं कसं ओळखतो?

---

लाल_पेन | १५ सप्टेंबर, रात्री ९.१०

ओळखतो. "शेतकरी" म्हणजे स्वतः जमीन कसणारा, किंवा स्वतः देखरेख करून कसवणारा, किंवा पारंपरिक वाण जतन करणारा. पन्नास हजार कलमं बांधून विकणारी रोपवाटिका या हक्काच्या आडोशाला उभी राहू शकत नाही. आणि शेतकऱ्याच्या बाबतीत कलम ४२ आहे: त्या वाणावर कुणाचा हक्क आहे हे शेतकऱ्याला ठाऊकच नव्हतं, तर त्यानं भंग केला असं मानलं जात नाही.

एफवन, तुमच्यासाठीही त्यात आहे. नवं, वेगळं, एकसारखं आणि टिकाऊ, या चार कसोट्यांवर वाण उतरलं की नोंदणी. झाडं आणि वेलींना एकूण १८ वर्षं, बाकी पिकांना १५. त्या काळात उत्पादन, विक्री, आयात, निर्यात तुमच्या परवानगीनं. दुसरा पैदासकार मात्र तुमचं वाण संशोधनाला वापरू शकतो, कलम ३०. पुढच्याला दार बंद नाही.

लोकहिताच्या बाजूनं अजून काही दारं आहेत, त्यांची चर्चा कमी होते. नोंदणीनंतर तीन वर्षांनी, त्या वाणाचं बी लोकांना पुरेसं किंवा वाजवी भावात मिळत नसेल, तर दुसऱ्याला सक्तीचा परवाना देता येतो, कलम ४७. वंध्यबीज म्हणजे टर्मिनेटर तंत्र असलेलं वाण नोंदवताच येत नाही, अर्जाबरोबर तसं शपथपत्र लागतं. गावाच्या जुन्या वाणावरून नवं वाण काढलं असेल तर त्या गावाला लाभातला वाटा मागता येतो. आणि कलम ३९(२): कंपनीनं अमुक परिस्थितीत अमुक उत्पादन सांगितलं आणि ते आलं नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. किती शेतकऱ्यांना माहीत आहे हे? माझ्या पंधरा वर्षांच्या वकिलीत एकानंही हे कलम घेऊन दार वाजवलं नाही. ग्राहक आयोगात मात्र बियाण्याच्या तक्रारींचा ढीग.

आता न गोड उत्तर. कलम ३९ ची सुरुवात "या अधिनियमात काहीही असले तरी" अशी आहे. *या अधिनियमात*. आण्णांनी स्वतःहून केलेल्या करारात काय असेल त्याबद्दल ते काही बोलत नाही. करार कायद्यानं दिलेला हक्क काढून घेतो म्हणून लोकधोरणाच्या विरुद्ध, सबब करार अधिनियमाच्या कलम २३ खाली रद्दबातल, असा युक्तिवाद मी न्यायालयात हौसेनं करीन. पण आण्णांच्या एकराच्या जिवावर नाही करणार.

शिवाय आधी एक बघा: हे वाण भारतात नोंदलेलं आहे का? करारात नोंदणी क्रमांक आहे का? या कायद्याखाली वाणं नोंदवणाऱ्या प्राधिकरणाची नोंदवही सार्वजनिक आहे. नोंद नसेल तर कंपनीचा सगळा जोर त्या तेवीस पानांतच आहे.

---

बडोदेकर_वहिनी | १६ सप्टेंबर, सकाळी ११.००

आमच्या गुजरातचं उदाहरण इथे कुणी अजून कसं काढलं नाही?

२०१९ चा एप्रिल. साबरकांठा आणि अरवल्लीतल्या बटाटा शेतकऱ्यांवर पेप्सिकोनं अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले. चौघांकडून प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपये. वाण एफएल २०२७, वेफर्सचा, साखर कमी म्हणून तळताना काळा पडत नाही. कंपनी करारावर हा बटाटा लावून घेते आणि ठरलेल्या आकाराचाच उचलते. बाकीचा राहतो शेतकऱ्याच्या कोठारात, तो पुढच्या वर्षी बियाणं होतो. यात आश्चर्य ते काय? घरी बटाट्याला डोळे फुटले की माझी सासू कुंडीत खोचते.

निवडणुकीचे दिवस होते, देशभर ओरड झाली, मेमध्ये दावे मागे घेतले. पण तिथं संपलं नाही. शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांनी त्या वाणाची नोंदणीच रद्द करा म्हणून प्राधिकरणाकडे अर्ज केला. ३ डिसेंबर २०२१ ला प्राधिकरणानं ती रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात. जुलै २०२३ मध्ये एका न्यायमूर्तींच्या पीठानं रद्द करणं कायम ठेवलं. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ते उलटवलं.

आमच्या शेजारी अरवल्लीचे एक पटेलभाई राहतात, मुलाकडे आलेले. त्यांना मी हे सगळं विचारलं तर म्हणाले, "बहेन, केस तो गयी, लेकिन अब हम वो आलू पड़ोसी को नहीं देते." हे वाक्य कुठल्याच निकालात लिहिलेलं नाही.

---

लाल_पेन | १६ सप्टेंबर, दुपारी १२.२०

वहिनी, शेवटचं वाक्य मी माझ्या टिपणात घेतेय.

एक पुरवणी. खटला बराचसा फिरला तो अर्जाच्या रकान्यांवर: वाण "नवं" म्हणून नोंदवलं की "विद्यमान" (आधीपासून वापरात असलेलं), पहिली विक्री कधीची दाखवली, हक्काचे कागद पूर्ण होते का. कारण नवेपणाची कसोटी कडक आहे. अर्जाच्या आधी भारतात एक वर्षाहून जास्त काळ विकलेलं वाण "नवं" राहत नाही. परदेशात साध्या पिकांना चार वर्षं, झाडावेलींना सहा. "लोकहिताला बाधक" हेही नोंदणी रद्द करायचं एक कारण कलम ३४ मध्ये आहे, पण लोकांना वाटतं तसं ते एकटं रणांगणात उतरून जिंकत नाही. खरी लढाई कारकुनी असते.

---

रॉटरडॅमकर | १६ सप्टेंबर, रात्री ११.५५ (भारतीय वेळ)

मूळचा सांगलीचा, सध्या नेदरलँड्समध्ये, फळांच्या आयातीच्या धंद्यात नोकरी. तुमची नाशिकची द्राक्षं बंदरावर उतरतात तेव्हा मी तिथं थंडीत उभा असतो.

लाल_पेन यांचं सगळं मान्य, पण ते भारतातलं आहे. आण्णांची द्राक्षं निर्यातीची असतील तर त्यांना दोन देशांचे कायदे लागतात.

युरोपात वाणांचा हक्क फ्रान्समधल्या ऑंजे शहरातलं कार्यालय देतं, सगळ्या संघाला एकच. झाडं आणि वेलींना ३० वर्षं. शेतकऱ्याची सवलत तिथंही आहे, पण ठरावीक पिकांनाच: धान्यं, बटाटा, काही चारापिकं, तेलबिया. छोट्या शेतकऱ्याला फुकट, मोठ्यानं पैदासकाराला पैसे द्यायचे. द्राक्ष त्या यादीत नाही. आणि हक्क नुसत्या रोपांवर नाही. रोपं परवानगीशिवाय लावली असतील आणि हक्कदाराला रोपांच्या टप्प्यावर अडवायची वाजवी संधी मिळाली नसेल, तर तो फळांवर हक्क बजावू शकतो. म्हणजे निफाडला पूर्ण कायदेशीर असलेली काडी रॉटरडॅमला कंटेनर अडकवू शकते.

तिकडच्या शेतकऱ्यांनाही हे सोपं नाही. व्हॅलेन्सियातल्या एका संत्रेवाल्याचा नाडोरकॉट मँडरिनवरून खटला थेट युरोपीय न्यायालयात गेला होता, २०१९ मध्ये निकाल लागला. हक्क मिळायच्या आधी रोपवाटिकेतून घेतलेल्या झाडांच्या फळांचे पैसे द्यायचे का, एवढाच प्रश्न. निकाल बराचसा शेतकऱ्याच्या बाजूनं लागला.

युरोप ज्या युपोव्ह या वाणांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे (१९६१ चा, १९९१ मध्ये कडक केलेला) त्यात भारत नाही. २००२ मध्ये आपण जुन्या, १९७८ च्या मसुद्यावर आत यायचा अर्ज केला होता, तो तसाच राहिला. बाहेर आहोत म्हणूनच ३९ सारखं कलम टिकलंय, असं माझं मत.

आण्णांना एवढंच विचारा: माल दुबई-बांगलादेशला जाणार, गावच्या मंडईत जाणार, की युरोपात? उत्तर त्यावर आहे.

---

सुगरण_चिमणी | १७ सप्टेंबर, सकाळी १०.३०

शहरी माणसाचा बावळट प्रश्न: मग घरचं बियाणं ठेवणं अजून चालू आहे का? मला वाटायचं सगळे दुकानातूनच घेतात.

---

झाडीबोली | १७ सप्टेंबर, दुपारी २.१०

चिमणीताई, बावळट नाही. चालू आहे म्हणूनच हा सगळा गोंधळ.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या. त्यानंतर कृषी खातंच गावोगाव सांगत फिरलं, घरचं बी ठेवा, उगवण तपासा. पद्धत सांगतो: गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहासात दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर बी चांगलं. कमी असले तर एकरी बी वाढवायचं. आमची आई दाणे मोजताना कुणाला बोलू देत नाही, आकडा चुकतो म्हणते.

अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं राखल्याबद्दल पद्मश्री मिळाली, हेही याच देशात.

---

एफवन | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

झाडीबोली, पद्मश्री मिळाली, छानच. पण राहीबाईंकडचा एखादा वाल घेऊन कुणी नवं वाण काढलं, तर त्या गावाला वाटा मिळेल का? कायद्यात आहे, राष्ट्रीय जनुक निधी आहे, कलमं आहेत. अर्ज कोण भरणार? माझ्या कंपनीत नोंदणीसाठी एक स्वतंत्र माणूस आहे, पगारी. कोंभाळण्यात तो नाही. तुमच्या नांदेडमध्येही नव्हता.

मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय याची जाणीव आहे.

---

शंकासुर | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ७.२५

एफवनना शिव्या द्यायचा बेत रद्द.

मांडवाखाली, आण्णांचं काय ठरलं ते सांगा हो. धागा काढून गायब झालात. कलमांचा हंगाम टळून जाईल.

---

मांडवाखाली | २१ सप्टेंबर, रात्री १०.१५

गायब नाही, कलमंच बांधत होतो. बोटांना अजून पट्टीचा चिकटा आहे.

लाल_पेन ताईंनी सांगितल्याप्रमाणे नोंदणी क्रमांक मागितला. माणूस म्हणाला, "वरून विचारून सांगतो." तीन दिवसांनी अर्जाचा क्रमांक आला, प्रमाणपत्राचा नाही. मग आम्ही तीन गोष्टी मागितल्या. मराठी प्रत, आणि वाद झाला तर तीही ग्राह्य. बागेत यायच्या आधी एक दिवस फोन. आणि करार कंपनीनं मोडला तर बाग बदलायचा खर्च कंपनीचा. मराठी प्रत मिळाली, पण "इंग्रजी प्रत अंतिम" हे वाक्य राहिलं. फोनचं मान्य. तिसरं नाही म्हणजे नाही.

काडीचं कलम तर त्यांनी चर्चेलाही घेतलं नाही. आण्णांनी त्यांना ३९ बद्दल विचारलं. "साहेब, कायद्यात मला काडी देता येते म्हणतात." तो माणूस हसून म्हणाला, "आण्णा, कायद्यात येते, करारात येत नाही." तरुण पोरगा होता, बीएस्सी अ‍ॅग्री, मुद्दाम उद्धट नव्हता.

रॉटरडॅमकर, माल युरोपातच जातो, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. त्यावरच आण्णा गप्प झाले.

शेवटी त्यांनी अर्धा एकर या वाणाला दिला. अर्ध्या एकरात आपल्याच जुन्या प्लॉटमधली सोनाकाची काडी बांधली. मी म्हटलं, सोनाकाला भाव कमी. तर म्हणाले, "असू दे. मागायला कुणी आलं तर द्यायला काहीतरी पाहिजे ना."

काल कंपनीचा माणूस येऊन कलमं मोजून गेला. वहीत लिहिलं चारशे बारा. आण्णांनी मागून पुन्हा मोजली. चारशे बाराच.

---

झाडीबोली | २२ सप्टेंबर, सकाळी ६.३०

मांडवाखाली भाऊ, तुमच्याकडं भाताचं रान आहे का कुठं? आमच्याकडं नांदेड हिरा ठेवलाय घरी, दिवाळीनंतर मळणी झाली की पाठवतो दोन किलो.

---

मांडवाखाली | २२ सप्टेंबर, सकाळी ८.००

बायकोचं माहेर इगतपुरी तालुक्यातलं, तिथं सगळा भातच. नक्की पाठवा, पत्ता निरोपात देतो. पैसे किती?

---

झाडीबोली | २२ सप्टेंबर, सकाळी ८.१०

पैसे कायचे. फक्त पिशवीवर नाव लिहिणार नाही, लाल_पेन ताई वाचून राहिल्यात.